मी दोघींचं गाते

“तोंड उघडा! अजून! अरे, मुंगी शिरायला जागा नाही इथं, सूर कुठून बाहेर पडणार?”

मीनलताई ओरडल्या की आम्ही चोवीसच्या चोवीस जण एकदम आ वासायचो. मग समोरच्या काचेच्या कपाटात आपलीच तोंडं दिसायची आणि हसू फुटायचं. पेटीवर बसलेले आमचे शिरगुप्पे सर चष्म्यावरून बघायचे. “हसा, हसा. पुण्याहून बाई येतात तुमच्यासाठी दर शनिवारी, आणि तुम्ही दात दाखवा.”

मी तेव्हा सातवीत होते. आता दहावीत आहे आणि शाळेत माझ्या हातात माइक आला की तो काढून घ्यायला दोन शिक्षक लागतात, असं सगळे म्हणतात. सातवीतली तेजल बुगड मात्र हजेरीला ‘हजर’सुद्धा शेजारणीकडून म्हणवून घ्यायची. शेजारीण म्हणजे प्रणोती म्हेत्रे.

झालं होतं असं, की पुण्याची एक व्यावसायिक नाटक कंपनी इचलकरंजीत प्रयोग करणार होती. धरणाच्या पाण्यात बुडालेल्या गावाचं नाटक, आणि त्यात बुडालेल्या गावाचा आवाज म्हणून मुलांचा वृंद. ज्या गावात प्रयोग, तिथल्याच शाळेतली मुलं, अशी त्यांची पद्धत. सर वर्गात निवडायला आले तेव्हा मी पुढच्या बाकाच्या पाठीमागं वाकून बुटाची नाडी बांधत होते. माझ्या बुटाला नाडीच नव्हती. प्रणोतीनं माझं कोपर धरलं आणि हात वर केला.

“सर, ही गाती.”

“ही? हिचा आवाज मी अजून ऐकला नाही.”

“कुणी बघत नसलं की गाती, सर. तुम्ही सगळे तिकडं तोंड करा.”

आणि खरंच, सरांनी सगळ्या वर्गाला भिंतीकडं तोंड करून उभं केलं. मी गायले. गाऊन झालं तर प्रणोती भिंतीकडं तोंड करूनच ओरडली, “बघा! सांगितलं नव्हतं?”

तर अशी मी निवडली गेले. ती तर निवडली जाणारच होती.

कंपनीच्या मीनलताईंनी पहिल्याच शनिवारी आमच्या जोड्या लावल्या. नाटकात एक लांब ‘आ’ होता. गावात पाणी चढत जातं तेव्हाचा. पाऊण मिनिट. मध्ये कुठंही तुटायचा नाही.

“पाऊण मिनिट कुणाचाच दम पुरणार नाही,” ताई म्हणाल्या. “म्हणून जोडी. एक श्वास घेत असेल तेव्हा दुसऱ्यानं सूर धरायचा. दोघांनी मिळून एकदम श्वास घ्यायचा नाही, कधीच नाही. बघणाऱ्याला वाटलं पाहिजे की हा एकच आवाज आहे आणि याला श्वास लागतच नाही. पाणी कधी श्वास घेतं का?”

“मासे घेतात, ताई,” मागून कुणीतरी म्हणालं.

“मग तू मासा. गप्प उभा राहा.”

मी आणि प्रणोती आपोआपच जोडी झालो. ताईंनी आणखी एक गोष्ट सांगितली होती. जोडीत कुणाचं काय कमी पडतंय ते जोडीनं आपसात सोडवायचं, चुगल्या घेऊन यायचं नाही. त्यामुळं आम्हाला एकदम मोठं झाल्यासारखं वाटलं.

तालमीनंतर आम्ही प्रणोतीच्या घरी जायचो. खाली चार यंत्रमाग, वर राहायचं घर. खाली मागांचा इतका खडखडाट की बोलायचं म्हणजे कानात तोंड घालायचं. तिच्या भुवयांवर, पापण्यांवर कापसाचं पांढरं बसलेलं असायचं. मी तिला म्हातारी म्हणायचे. ती म्हणायची, “व्हय गं बाई, ये, पाय दाब.” त्या खडखडाटात वाढल्यामुळं की काय, तिच्या अंगात लय इतकी पक्की होती की सरसुद्धा चुकले तर तिच्याकडं बघायचे. माझं उलट. माझा आवाज लांब जायचा, पण मला थांबता यायचं नाही. जिथं गप्प राहायचं तिथंच मी घुसायचे.

तिसऱ्या आठवड्यात ताईंनी मला एक ओळ एकटीला दिली. लांब ‘आ’ संपतो, सगळं शांत होतं, नऊ मात्रा कुणीच काही गात नाही, आणि मग त्या शांततेत एकच मुलगी विचारते, ‘कुणी आहे का गं तिथं?’ बस, एवढंच. पण सगळ्या नाटकात एकट्या पोराचा आवाज तेवढाच. घरी आईनं शिरा केला. मी आरशासमोर सतरा तऱ्हांनी ‘कुणी आहे का गं तिथं’ म्हणून बघितलं. शेवटी माझा भाऊ म्हणाला, “आहे गं बाई, मी आहे, आता झोपू दे.”

आणि त्याच आठवड्यात मला कळलं, की प्रणोतीचा दम पुरत नाही.

आधीच कळायला हवं होतं. तिच्या घराचा जिना चढताना ती मधल्या पायरीवर बसायची, चपलेचा अंगठा नीट करायचं निमित्त करून. ‘आ’ लावला की तिचे खांदे वर जायचे. त्या दिवशी जिन्यातच आम्ही सराव करत होतो. माझा श्वास घ्यायचा टप्पा आला, मी थांबले, आणि पलीकडून सूरच नाही. ती भिंतीला टेकली होती, ओठ मिटून. नाकपुड्या फुलल्या होत्या.

“काय झालं?”

“काही नाही. धूळ गेली.”

“परत करू.”

परत तेच. तिसऱ्यांदाही तेच. मग तिनं माझ्या कानात तोंड घातलं. “तेजे, कुणाला सांगू नको. ताई काढतील मला.”

“पण...”

“अगं, पप्पा त्या दिवशी माग बंद ठेवणार हायत. चारी. प्रयोगाला यायला. आमच्या घरात लाइट गेल्याशिवाय माग बंद पडत नाहीत, तुला माहिताय. आयुष्यात पहिल्यांदा माझ्यासाठी बंद ठेवणार हायत.” एवढं बोलूनही तिला दम लागला. “तू माझं धर. मी तुझ्या मात्रा मोजते.”

असं आमचं ठरलं. तिचा सूर धरायचा टप्पा आला की मीच ताणून धरायचे, आणि दोन टप्प्यांच्या मध्ये पटकन श्वास ओढायचे. चोवीस जणांत कळत नव्हतं. आणि तिनं काय करायचं, तर शांततेच्या नऊ मात्रा माझ्या मनगटावर बोटानं मोजायच्या. नववी झाली की चिमटा. चिमटा बसला की मी सुटायचे. एकदाही चुकले नाही. ताई म्हणाल्या, “तेजल, किती सुधारलीस गं!” सर म्हणाले, “बुगड, शाब्बास.” प्रणोती माझ्या मागं उभी राहून गालात हसली. आम्ही दोघींनी शपथ घेतली होती, विद्येची.

प्रयोग रविवारी होता. शुक्रवारी पहिल्यांदा नाट्यगृहाच्या खऱ्या रंगमंचावर तालीम झाली. वरून दिव्यांचे झोत, समोर अंधारात रिकाम्या खुर्च्या, आणि चौथ्या रांगेत नाटकाचे दिग्दर्शक चहा पीत बसलेले. आमचे निळे झगे आदल्या दिवशीच शिवून आले होते. प्रणोती सारखी खिशात हात घालून बघत होती. झग्याला खिसा असतो याचंच तिला अप्रूप.

आमच्या पायांशी छोटे माइक ठेवले होते. लांब ‘आ’ सुरू झाला. पाणी चढतं तसा पायांखालून पांढरा धूर सोडला होता. मी माझं गायले, तिचं गायले, श्वास ओढला, परत माझं. मनगटावर बोटं. एक, दोन, तीन... नऊ. चिमटा. मी म्हणाले, ‘कुणी आहे का गं तिथं?’

मला वाटलं, झकास झालं.

“थांबा,” अंधारातून दिग्दर्शक म्हणाले. “मीनल, मध्ये ते काय ऐकू येतंय? कुणीतरी फुसफुसतंय.”

ताई माइकजवळ खाली बसल्या. “परत घेऊया.”

परत घेतलं. या वेळी मला माझंच मला ऐकू आलं. मोठ्या कर्ण्यातून, सगळ्या नाट्यगृहात. हपापल्यासारखा ओढलेला श्वास. एकदा, दोनदा, तीनदा.

“तेजल, तू आहेस,” ताई म्हणाल्या. “काय होतंय? घाबरलीस का?”

“नाही, ताई.”

“मग दम का पुरत नाही? मागच्या महिन्यात तर पुरत होता.”

चौथ्या रांगेतून दिग्दर्शक म्हणाले, अगदी सहज, कपातल्या चहाकडं बघत, “ती एकटीची ओळ दुसऱ्या कुणाला देता येईल का बघ. हिचा दम गेला तर तिथं अख्खं नाटक बसेल.”

ताईंनी आमच्याकडं बघितलं. रांगेवरून नजर फिरवली. कुणाला द्यायची ते त्या शोधत होत्या हे मला कळलं.

आणि मी बोलले. आयुष्यात पहिल्यांदा, कुणी कोपर न धरता, सगळ्यांसमोर. आवाज अगदी शेवटच्या खुर्चीपर्यंत गेला.

“ताई, माझा दम पुरतो. मी दोघींचं गाते, म्हणून तसं होतंय.”

सगळे माझ्याकडं बघायला लागले. मला छान वाटलं. खोटं कशाला सांगू, त्या क्षणी मला फार छान वाटलं.

“दोघींचं म्हणजे?”

मी मागं बघितलं नाही. बघायची गरजही नव्हती. जोडी कोण ते सगळ्यांना ठाऊक होतं. आणि माझ्या नऊ मात्रा कोण मोजतं, ते मी सांगितलं नाही.

ताई रागावल्या नाहीत. त्यांनी प्रणोतीला पुढं बोलावलं. धूर बंद करायला सांगितलं. “घाबरू नकोस, बाळा. नुसता ‘आ’ लाव. जमेल तेवढा.”

प्रणोतीनं लावला. स्वच्छ, सरळ सूर. ताईंची नजर मनगटावरच्या घड्याळाकडं. आठ सेकंद. मग तो सूर चिरला आणि तिला खोकला आला. इतका, की ती खाली बसली आणि सर पेटी सोडून धावत आले. कुणीतरी पाणी आणलं.

“कधीपासून?” ताईंनी तिच्या पाठीवरून हात फिरवत विचारलं.

“दिवाळीपासनं.”

“घरी माहीत आहे?”

तिनं मान हलवली. नाही.

“मी तुला असं उभं नाही करू शकत, बाळा.”

“ताई, मी गात नाही. नुसती उभी राहते. तोंडसुद्धा उघडत नाही.”

“अगं, त्या प्रवेशात धूर असतो. नाही. आधी डॉक्टरांकडं जायचं.”

“एकच दिवस, ताई. सोमवारी जाते की. सकाळी सकाळी जाते.”

“नाही, प्रणोती.”

मी हे सगळं दोन पावलांवरून ऐकत होते. मला वाटत होतं, आता ती माझ्याकडं बघेल आणि काहीतरी घाण बोलेल. बोलावं, असंही वाटत होतं. ती आत गेली, शाळेचा ड्रेस घालून बाहेर आली, निळा झगा घडी करून ताईंच्या हातात दिला. मग माझ्याजवळ आली. हळूच म्हणाली, “नऊ हायत. तू आठलाच घाई करतीस.”

आणि सरांबरोबर घरी गेली.

रविवारी संध्याकाळी मी बाबांच्या गाडीवर मागं बसून नाट्यगृहाकडं निघाले. झगा चुरगळू नये म्हणून उभ्यानंच जावं असं वाटत होतं. आमचा रस्ता तिच्या गल्लीवरून जातो. गाडीच्या आवाजातूनही मला ते ऐकू आलं. खाली माग चालू होते. चारी.

प्रयोग चांगला झाला. लोक उभे राहिले, टाळ्या वाजवल्या. मला एका जोडीत तिसरी म्हणून घातलं होतं, त्यामुळं श्वास अजिबात ऐकू आला नाही. ‘आ’ संपला. शांतता. मी मोजायला लागले. एक, दोन, तीन, चार. मनगट मोकळं होतं. मी आठला सुटले.

कुणालाही कळलं नाही. आई रडली, बाबांनी खांद्यावर थोपटलं, भाऊसुद्धा म्हणाला, “बरं झालं गं.” फक्त विंगेत उभ्या असलेल्या मीनलताईंनी डोळे मिटून घेतले, क्षणभरच. नंतर त्या सगळ्यांना भेटल्या, मलाही पेढा दिला.

त्यानंतर जे झालं त्यामुळंच माझं सगळं बिघडलं. म्हणजे, सुधारलं.

डॉक्टरांनी प्रणोतीच्या छातीचा फोटो काढला, दोन दिवस दवाखान्यात ठेवलं. कापसाची धूळ तिला सोसत नव्हती. डॉक्टर तिच्या वडलांना म्हणाले, अजून चार-सहा महिने असेच गेले असते तर फुप्फुसं कायमची गेली असती, वेळेवर आणलंत. मग ही गोष्ट शाळेत आली. पुढच्या सोमवारी परिपाठाला मोठ्या बाईंनी मला पुढं बोलावलं. “आपल्या मैत्रिणीचा त्रास हिनं ओळखला,” त्या म्हणाल्या, “आणि न घाबरता मोठ्यांना सांगितला. मैत्रीण असावी तर अशी.” सगळ्या शाळेनं टाळ्या वाजवल्या. मी खाली बघत होते. बाईंना वाटलं, लाजते. “आता बोलायला शीक हं,” त्या म्हणाल्या. “तुझ्यात धीटपणा आहे.” आणि माइक माझ्या हातात दिला.

तिथून मी बोलायला लागले ती आजतागायत. वक्तृत्व, निवेदन, वर्गाची प्रमुख, सगळं. मला येतं. मजाही येते. पण कुणी ‘तेजल किती धीट आहे’ म्हणालं, की मला तो रिकामा अंधार दिसतो, चौथ्या रांगेतला चहाचा कप, आणि मी बोलायच्या आधी माझ्या डोक्यात काय होतं ते. तिची छाती नव्हती. तिचे खांदे, मधली पायरी, काहीच नव्हतं. माझी ओळ जात होती, एवढंच होतं.

हे मी आईला एकदा सांगून बघितलं. ती म्हणाली, “काहीतरीच तुझं. पोर वाचली ना? झालं तर.”

फेब्रुवारीत प्रणोतीला तिच्या मामाकडं आजऱ्याला पाठवायचं ठरलं. माग तर बंद करता येत नव्हते, मग तिलाच घरातून हलवलं. मला तिच्या आईनं निरोप पाठवला, सकाळच्या गाडीनं जाणार आहे, ये. मी स्टँडवर गेले. तिच्या हातात शाळेचं दप्तर होतं आणि कापडी पिशवी. भुवया स्वच्छ. कशी वेगळीच दिसत होती, कुणीतरी पुसून ठेवल्यासारखी.

“आलीस?” ती म्हणाली.

“आले. तिथं शाळा कशी आहे?”

“बघायची. मामा म्हणतोय, चांगली हाय.”

“गाणं आहे?”

“नाही.”

मग आम्ही दोघी गाडीवरची पाटी वाचत उभ्या राहिलो, जणू ती फार मोठी होती. तिची आई सामान चढवून आली. मला बघितल्याबरोबर तिनं माझा चेहरा दोन्ही हातांत धरला. तळहात सुतानं खरखरीत झालेले.

“पोरी, तू बोललीस म्हणून माझी लेक हाय बघ. आम्ही चोवीस तास घरात, आम्हाला दिसलं नाही. हिचे पप्पा तर अजून स्वतःला बोल लावतायत.” तिचे डोळे भरून आले. “तुला कसं गं कळलं? कशी काय बोललीस तू, एवढ्या माणसांत?”

प्रणोतीनं मान वर केली.

रागानं बघितलं असतं तर बरं झालं असतं. ती नुसती बघत होती. वाट बघत होती. तिच्याकडं वेळ होता, गाडी सुटायला पाच मिनिटं होती आणि तेवढ्या वेळात मी चार शब्द बोलले असते तरी पुरलं असतं. तोवर मला बोलता यायला लागलं होतं. तालुक्याच्या स्पर्धेत दुसरा नंबर आला होता माझा, त्याच आठवड्यात.

“तिच्याकडं बघून काळजी वाटायची, काकू,” मी म्हणाले. “म्हणून मग सांगितलं.”

“गुणाची गं बाई,” काकू म्हणाल्या आणि माझ्यावरून हात ओवाळून त्यांनी आपल्या कानशिलांवर कडाकडा बोटं मोडली.

प्रणोती वाकली. पिशवी उचलली.

“येते,” ती म्हणाली. आईला म्हणाली की मला म्हणाली, ते कळलं नाही.

ती गाडीत चढली. मी खिडकीखाली जाऊन उभी राहिले, हात वर करून. गाडी जवळजवळ रिकामी होती. माझ्या बाजूच्या सगळ्या खिडक्या मोकळ्या होत्या.

ती पलीकडच्या बाजूला जाऊन बसली.